धावड्याच्या कोठीतली राख

नवीन जालना
मंगळवार, २४ जून २०२५

श्री. सुमित देवानंद साळवे,
धान्य खरेदी व्यवस्थापक यांस,

शनिवार, २१ जून २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. या वेळी धावड्याच्या बुद्धविहारामागच्या खोलीतून ज्वारीचं शेवटचं पोतं तुमच्या कंपनीच्या गाडीत चढलं आणि तुम्ही खोलीला बाहेरून कडी घातली. कुलूप घातलं नाही. घालायचं कशाला, आत राहिलं काय होतं?

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, तक्रार लिहायची असेल तर आधी तारीख आणि वेळ लिहा, रडायचं असेल तर खाली जागा सोडा. तारीख आणि वेळ लिहिली. खालची जागा मी वापरणार नाही.

आता सप्रेम जयभीम. वर 'तुम्ही' लिहिलं ते तुझ्या खुर्चीला. इथून पुढे 'तू' आहे. तू आणि सूनबाई आकांक्षा खुशाल असाल. इकडे आम्ही दोघी ठीक. तुझ्या आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. काळा चष्मा अजून काही दिवस घालायचा आहे आणि दिवसातून चार वेळा थेंब. ती विसरते, मी घड्याळ लावून घालते. धूळ, धूर आणि वाकून काम, तिन्ही बंद असं डॉक्टरांनी बजावलंय. पाऊस सुरुवातीला दोनदा येऊन गेला, तेव्हापासून तोंड दाखवत नाही. धावड्यात पेरलेला मका वर आलाय आणि माना टाकतोय म्हणतात.

पुढचं तुला सगळं माहीत आहे. पण हे पत्र मी रजिस्टर पोस्टानं तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. ते तुझे साहेब फोडतील अशी माझी आशा आहे. त्यांना माहीत नाही, म्हणून लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. माझी आई गोजरबाई, म्हणजे तुझी आजी, रस्त्यावर खडी फोडायला जायची, आणि आम्ही परदेशातून जहाजानं आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खायचो. त्याची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडायची. पुढच्या वर्षी पीक आलं तेव्हा आईनं वाड्यावस्तीतल्या बायका गोळा केल्या. त्या काळी ज्वारी काढायला गेलं की मजुरी धान्यातच मिळायची. ती घरी न्यायच्या आधी प्रत्येकीनं तिच्यातली पायलीभर विहाराच्या कोठीत ओतायची, असं ठरलं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास बसतो, त्या संध्याकाळी वंदना झाली की कोठी उघडायची. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत ज्याच्या घरात दाणा नाही त्यानं न्यायची, सुगीला ओंजळभर जास्त घालून परत करायची. व्याज नाही, जामीन नाही, सही नाही. किल्ली एका बाईच्या कमरेला. आधी गोजरबाईच्या, ती गेल्यावर कांताबाईच्या. कांताबाई म्हणजे व्यवस्थापकसाहेबांच्या मातोश्री, हे त्यांच्या साहेबांनी नोंद करून घ्यावं.

आता राखेबद्दल. ज्वारी वर्षभर टिकावी म्हणून आमच्या बायका गोवरीची राख चाळून दाण्याला चोळतात आणि मधून मधून कडुनिंबाचा पाला घालतात. अशी ज्वारी करडी दिसते. तिच्यात हात घातला की हात करडा होऊन बाहेर येतो. तिला किडा शिवत नाही. कोठी उघडायच्या आदल्या दिवशी बायका विहाराच्या ओट्यावर सुपं घेऊन बसतात, राख उडते, सगळ्यांचे चेहरे सारखे होतात, आणि खाली स्वच्छ मालदांडी ज्वारी उरते. लहानपणी तू त्या राखेत उभा राहून शिंकायचास आणि हसायचास.

तिला तू बुरशी म्हणालास. बायका शेतातून येईपर्यंत पोती गाडीत चढली होती, त्यांना सांगितलंस की दाणा खराब झाला, खाल तर दवाखान्यात जाल, आमचा कारखाना खराब धान्य घेतो, तुमच्या खात्यावर रक्कम येईल. मेमधल्या अवकाळीनं छत गळून भिंतीकडची दोन पोती भिजली होती, हे खरं. तू दोन पोती बाहेर काढायला गेला होतास. कोठी रिकामी करून आलास.

मी तीस वर्षं पुरवठा खात्यात काढली. किती गोदामांत पोत्यात हात घालून हुंगलंय, त्याचा हिशेब नाही. बुरशीला वास येतो, सुमित. राखेला येत नाही. आणि नाक तुला तुझ्या बापाचं मिळालंय, चांगलं मोठं.

ही चूक झाली असं मी धरून चालते. शनिवारी सकाळी तू माझ्या घरी आलास, चहा घेतलास, आईकडून किल्ली घेतलीस आणि गेलास. त्याबद्दल इथे जास्त लिहायचं नाही.

आठ दिवसांत लेखी खुलासा यावा आणि ज्वारी परत यावी.

प्रियदर्शनी साळवे
निवृत्त पुरवठा निरीक्षक

◆

नवीन जालना
बुधवार, २ जुलै २०२५

चि. सुमित,
सप्रेम जयभीम.

पोचपावती मिळाली. तिच्यावर सही तुझी आहे, म्हणजे पत्र साहेबांच्या हाती जाऊ दिलं नाहीस. हुशार आहेस, ते आम्हाला माहीतच होतं.

तुझा निरोप मोबाइलवर ऐकला. लेखी मागितलं तर तू आवाज पाठवलास. आवाज फाइलला लावता येत नाही, हे तुला कुणीतरी शिकवलेलं दिसतं. चार मिनिटांत तू 'आत्या' नऊ वेळा म्हणालास आणि 'राख' एकदाही नाही. 'ते पांढरं-पांढरं' म्हणालास. ज्वारी त्याच संध्याकाळी बाकी मालात मिसळून दळली गेली, आता परत येणार नाही, असं म्हणालास. ते मात्र मी खरं मानते. तुमच्या तिथे पिठाची आंबवण होते, तिचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये जातं. म्हणजे या घटकेला धावड्याच्या बायकांची पायली-पायली कुठल्यातरी मोटारीतून हायवेवर पळत असेल. शहागडच्या पुलावरून गेली असेल, गोदावरी बघून झाली असेल. त्या बायकांपैकी निम्म्यांनी गोदावरी बघितलेली नाही.

पुढे तू मला देश शिकवलास. तेल बाहेरून आणावं लागतं, परकी चलन वाचतं, हवा सुधारते, मक्याला भाव मिळाला म्हणून शेतकऱ्याच्या घरात चार पैसे आले. यातलं काहीच खोटं नाही. तुझ्या वडिलांमागे राहिलेल्या शेतातही गेली तीन वर्षं मकाच आहे, आणि त्या मक्याच्या पैशातूनच विहारावर पत्रे पडायचे होते, जे पडले नाहीत म्हणून छत गळलं. मी शेतकऱ्याला बोलत नाही. त्यानं जे विकतं ते पेरलं.

पण ज्वारी गेली ना रे शिवारातून. मका मशीननं निघतो, बायकांना चार दिवस काम मिळतं आणि मजुरी हातात रोख. त्यामुळे कोठीत ओतायला पायली येत नाही. गेली दोन वर्षं तुझी आई शेजारच्या गावांतून, जिथे अजून ज्वारीची वावरं आहेत तिथे, बायकांची टोळी घेऊन काढणीला जाते आणि मालकाशी भांडून मजुरी दाण्यात मागते. 'पैसे घ्या ना बाई,' तो म्हणतो. 'पैसा कोठीत टिकत न्हाई,' ती म्हणते. तू खराब माल म्हणून उचललास तो हा दाणा. तुझ्या भाषेत सांगायचं तर तो बाजारातून भरून निघण्यासारखा नाही.

तरी मी शनिवारी मोंढ्यात, धान्यबाजारात, जाऊन आले. रामकिसन आडत्याकडे. त्याच्या दुकानात मी नोकरीत असताना तपासणीला जायचे तेव्हा तो माझ्यापुढे उभा राहायचा. आता मी उभी होते. ज्वारी आहे का विचारलं, तर म्हणाला, "ताई, ज्वारी कुठं राह्यली? सगळे मका लावून राह्यले. अन् जी हाये ती पुण्या-मुंबईचे लोक शुगरसाठी नेऊन राह्यले. तुम्हाला घरापुरती पाह्यजे का?" मी म्हटलं, एका वस्तीपुरती पाहिजे. त्यानं मुंडी हलवली आणि मला चहा सांगितला. चहा सांगितला म्हणजे माल नाही, हे मोंढ्यात सगळ्यांना कळतं.

मी रोज पेपर वाचते आणि रोज ठरवते की उद्या वाचायचा नाही. आपला मका पूर्वी जहाजानं बाहेर जायचा, आता आपल्यालाच तो बाहेरून आणावा लागतोय असं छापून येतं. अमेरिकेत मका गाड्या पितात, ब्राझीलमध्ये ऊस पितात, कुठे खाद्यतेल पितात. एका देशानं टाकी भरली की दुसऱ्या देशात कोंबडीचं खाद्य महागतं, मग अंडं महागतं, मग ज्यांनी अंडं सोडलं त्यांचा दाणा महागतो. ही महागाई विमानानं फिरत नाही. ती हळूहळू, पायी, प्रत्येक गावात थांबत येते आणि शेवटी धावड्याला येऊन बसते, कारण धावड्याच्या पुढे रस्ता नाही. आमच्या दारावर येणारा अंडीवाला परवा म्हणाला की अंगदनं, त्याच्या भावानं, कोंबड्यांचं शेड बंद करून त्यात सिमेंट ठेवलंय. मक्याच्या भावात कोंबडी पोसणं परवडत नाही म्हणून.

बहात्तरला ज्या देशानं आमच्याकडे मिलो पाठवला, त्या देशात दाणा उरत होता म्हणून पाठवला. आता उरलेल्यासाठी सगळ्यांनीच टाक्या बांधल्यात. पुढच्या बहात्तरला जहाज कुठून येणार आहे, सुमित? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरंच कुठून ते दिसत नाही, आणि पाऊस गेला त्याला आज एकविसावा दिवस आहे.

तू पाठवलेला तांदूळ धावड्यात पोचला. तुकडा तांदूळ. तोही तुमच्या हौदात जाणाऱ्या मालातूनच काढलेला दिसतो, पोत्यावरची खूण तीच आहे. बायकांनी तो उतरवून घेतला नाही, ड्रायव्हर ओट्यावर टाकून गेला. मी वहिनींना, तुझ्या आईला, सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भाताला काय हाये ताई, दोन घंट्यानं पुन्हा भूक लागून राह्यती. पण पोरानं पाठवला की न्हाई लगेच?" त्यांना एवढंच ऐकू आलं, की पाठवला.

वहिनी काल इथून गेल्या. डॉक्टरांनी आणखी आठ दिवस थांबा म्हटलं होतं. थांबल्या नाहीत. त्यांनी पिशवी भरली, मी ती दोनदा रिकामी केली, त्यांनी तिसऱ्यांदा भरली. कोठीचं काय ते मला बघायला पाहिजे, म्हणाल्या. मला काळजी वाटतेय. मी उद्या-परवा मागोमाग जाते.

तुझं म्हणणं, तू राख ओळखली नाहीस, हॉस्टेलला वाढलेल्या मुलाला काय कळणार. हे तू मला आवाजात सांगितलंस. मला ते लेखी पाहिजे. शाईत लिहिताना माणूस जरा थांबतो.

आत्या

◆

धावडा
सोमवार, ७ जुलै २०२५

सुमित,

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून नंदाबाईच्या जावयाबरोबर पाठवतेय. तो उद्या घरात उरलासुरला मका घेऊन तुमच्याच फाटकावर रांगेत लागणार आहे. त्यानं पत्र तुझ्या हातात द्यायचं आहे, टेबलावर नाही, असं बजावलंय.

मी शुक्रवारी इथे आले. येऊन बघते तर वहिनी चुलीपुढे वाकून बसलेल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि फडक्यातून गोवरीची राख चाळतायत. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं. मी फडकं ओढून घेतलं. बोलायचं ते सगळं बोलले. त्या म्हणाल्या, "दाणा आला तर राख तयार पाह्यजे ना." पत्र्याचा डबा काठोकाठ भरलाय. कोठीत चोळायला एक दाणा नाही आणि राख मात्र तयार आहे.

दाणा अगदीच नाही असं नाही. बायकांनी आपापल्या घरच्या डब्यातलं काढून आणलं. कुणी दोन शेर, कुणी तांब्याभर. शहागडला माझी नोकरीतली मैत्रीण राजनंदिनी आहे, तिनं गोदाकाठच्या एका घरातून चार पोती मिळवून टेम्पोत घालून दिली. म्हणजे गुरुवारी कोठी उघडेल, पण तिचा तळ दिसेल. दाणा भाद्रपदापर्यंत पुरेल असं कुणालाच दिसत नाही. मुलं ओट्यावरच्या तांदळाच्या पोत्यांवर उड्या मारतात. त्यांना कुणी रागवत नाही, हे मला चांगलं चिन्ह वाटत नाही.

पण मी हे लिहायला बसले ते दाण्यासाठी नाही.

परवा शनिवारी संध्याकाळी वंदनेआधी बायका ओट्यावर बसल्या. नंदाबाई सगळ्यांत मोठी, तिनंच विचारलं. आवाज चढवला नाही. "कांताबाई, पोराला राखीचं सांगितल्तं का न्हाई?"

वहिनी म्हणाल्या, "न्हाई. डोळ्याच्या नादात इसरले. माझ्याच्यानं चूक झाली."

मग मागून प्रिया म्हणाली. ती पुंजारामची सून, नर्सिंगला होती, शहाणी मुलगी आहे. "मावशी, राग धरू नका. पण मंग किल्ली दुसऱ्या हातात द्यावी लागंल. ज्या हाताला इसर पडला त्या हातात कोठी कशी ठेवावं?" तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि इतक्या बऱ्या शब्दांत म्हटलं नसतं. गुरुवारी पौर्णिमेला, कोठी उघडायच्या आधी, सगळ्यांसमोर विचारून ठरवायचं असं झालं.

मी तिथे भिंतीला टेकून बसले होते. मी काही बोलले नाही. माझ्या ओळखीच्या कुणालाही सांगितलंस तर तो विश्वास ठेवणार नाही.

आता किल्ली नेलीस त्या शनिवारचं लिहिते. पहिल्या पत्रात मी 'चूक झाली असं धरून चालते' असं लिहिलं. तू ते वाचून सुटकेचा श्वास सोडला असशील, की आत्या गॅसपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही. मी तुझ्यासाठी जागा सोडली होती. दोनदा सोडली.

एकवीस जूनला सकाळी माझ्या स्वयंपाकघरात वहिनी पाटावर बसल्या होत्या, उजव्या डोळ्याला पट्टी, डावाही पाणावलेला. त्यांनी कनवटीची किल्ली सोडली आणि तुझ्या हातात देताना म्हणाल्या, "दोनच पोते भिजले, भिंतीकडचे. तेवढे काढ. बाकीच्याला राख हाये, पांढरं दिसंल, घाबरू नको. राख झटक अन् ताडपत्रीवर वाळू घाल." आणि तू म्हणालास, "ठावं हाये मला, माय. लहानपणी मीच चाळायचो की." त्या हसल्या. त्यांना तुझा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता. गाळणी माझ्या हातात होती आणि तू हसत नव्हतास. तू किल्ली मुठीत धरून खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होतास. आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतर भेटायला येणारा मुलगा मोकळी मोठी गाडी कशाला घेऊन आला, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण तू आलास याचाच आनंद झाला होता.

रविवारी मी वहिनींना शेतात एकटं गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तुम्ही काई ऐकलं न्हाई ताई. तुमचा चहा उतू चालल्ता."

म्हटलं, माझा चहा आजवर उतू गेलेला नाही.

मग बराच वेळ मक्यातून हिंडत राहिल्या. पानं गुंडाळलीत, पाणी नाही म्हणून. शेवटी म्हणाल्या, "माझं काय हाये? म्हातारी इसरली म्हणतेल, चार दिवस बोलतेल, सोडून देतेल. त्याला जलमभर म्हणतेल, पोरानं माईची कोठी लुटली. त्याची बायको हाये, उद्या लेकरू होईल. त्यालाबी म्हणतेल." मी म्हटलं, आणि किल्ली? त्या म्हणाल्या, "किल्लीला काय, प्रिया चांगली हाये." हे म्हणताना हात कमरेशी गेला, आणि तिथे काही नव्हतं. तू ती किल्ली अजून परत दिलेली नाहीस, हे तुझ्या लक्षात तरी आहे का?

आणखी एक गोष्ट, आणि ती मी तुला सांगणार नव्हते.

मी आल्यापासून रोज संध्याकाळी वहिनींशेजारी वंदनेला बसते. तुला त्यांचा आवाज माहीत आहे. पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो, तू लहान असताना कानांवर हात ठेवायचास. पहिलं शील म्हणतात, दुसरं, तिसरं. शनिवारपासून चौथ्याला त्यांचे ओठ थांबतात. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं ते शील. बाकी सगळे म्हणत असतात, त्या मान खाली घालून गप्प राहतात, आणि पाचव्याला पुन्हा सुरू होतात. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी शेजारी बसते म्हणून मला कळतं. ज्या बाईनं विहाराच्या विटा डोक्यावरून वाहिल्या, ती तुझ्यासाठी रोज संध्याकाळी एक वाक्य गिळते. गुरुवारी त्यांना पंचशील मोठ्यानं घ्यावं लागेल आणि त्यानंतर दहा मिनिटांत सगळ्यांसमोर खोटं बोलावं लागेल. किंवा चौथ्याला गप्प राहावं लागेल, आणि त्या दिवशी पूर्ण वस्ती शेजारी असेल.

तुझी अडचण मला अगदी कळत नाही असं समजू नकोस. जूनमध्ये जुना मका संपतो, नवा ऑक्टोबरशिवाय येत नाही. कारखाना थांबवता येत नाही. वरून रोज फोन येत असेल, आज किती टन, उद्या किती टन. खराब म्हणून लिहिलेला माल लवकर आत जातो, त्याला कुणी विचारत नाही. तुला कुणाचं पोट मारायचं नव्हतं, तुला फक्त त्या दिवसाचा आकडा भरायचा होता. मी खात्यात होते, आकड्यासाठी माणसं काय काय करतात ते मी बघितलंय. हे खरं असेल तर तेही लिही. मी ते वाचेन. बायकाही वाचतील, आणि तुला वाटतं त्यापेक्षा त्या जास्त समजून घेतील. त्यांना भुकेचं माहीत आहे. कारखान्यालाही ती असते एवढं त्यांना कळेल.

पण आईनं सांगितलं नव्हतं, असं राहू द्यायचं नाही.

म्हणून आता नीट वाच. मला तुझ्याकडून तांदूळ नको. खात्यावर काही जमा करू नकोस, ते परत येईल. मोबाइलवर आवाज पाठवू नकोस, मी ऐकणार नाही. एका कागदावर, तुझ्या हातानं, बायकांच्या नावे लिही. माईनं राखेचं सांगितलं होतं. मला राख माहीत होती. तरी मी नेली. एवढी तीन वाक्यं. खाली सही. बरोबर किल्ली. स्वतः घेऊन आलास तर भाकरी मी करीन, दोन शेर ज्वारी मी त्यासाठी बाजूला ठेवलीय. पाठवलीस तरी चालेल.

गुरुवार, १० जुलै २०२५, दुपारी चार वाजेपर्यंत. वंदना पाचला आहे.

चारपर्यंत कागद आला नाही तर नंदाबाई विचारेल तेव्हा मी उठून उभी राहीन आणि माझ्या स्वयंपाकघरात काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द सांगेन. मग तुझी आई माझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. तुझा बाप गेल्यापासून माझ्याशी रोज बोलणारं माणूस ते एकच आहे. मला कशाची भीती वाटते ते आता तुला कळलं असेल. तरीही मी उभी राहीन.

लेखी. चारच्या आत.

चार वाजेपर्यंत तुझी आत्या,
प्रियदर्शनी